खंडेनवमीनंतरचा गुरुवार

पाऊस परतला की पुण्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. मंडईबाहेर झेंडूचे ढीग लागतात, आणि आमच्या टेस्टिंग विभागात गाडी कोणत्या उपकेंद्रावर आधी जाणार यावरून भांडणं लागतात. झेंडूबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलेलं आहे. उच्चदाबाच्या ब्रेकरमधला गॅस तपासण्याचाही एक हंगाम असतो, हे मी आमच्या सोसायटीतल्या लोकांना एकदोनदा सांगून पाहिलं. ‘सिलिंडरचा का?’ असं विचारतात. मी हो म्हणते. धायरीत राहायचं, तर रोज जाता-येता ज्यांची तोंडं बघायची त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

परवा मंडईत मेथी निवडत होते, तर शेजारी शेखमामा. आमच्याच विभागातून निवृत्त होऊन त्यांना चार-पाच वर्षं झाली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेले मुळे, आणि इस्त्रीचा तोच फिकट निळा शर्ट.

‘मॅडम, सीझन सुरू झाला?’

‘झाला.’

‘ऊन चांगलं पडतंय या वर्षी,’ ते म्हणाले आणि वर बघितलं. भर दुपारी उन्हाकडे असं कौतुकाने बघणारी माणसं आमच्याच धंद्यात सापडतात. भाजीवाल्या बाईने दोघांकडे संशयाने पाहिलं. एवढंच बोलणं झालं. ते भवानी पेठेकडे वळले आणि मी बसस्टॉपकडे. घरी येऊन मेथी निवडून झाली तरी मला त्यांचा शेवटचा हंगाम आठवत राहिला.

ब्रेकर म्हणजे घरातल्या बटणाचा थोरला भाऊ. घरातलं बटण बंद केलं की आत बारीक ठिणगी पडते, ती आपल्याला दिसतही नाही. लाखाच्या वर व्होल्टची वीज तोडायची, तर तिथे ठिणगी पडून भागत नाही. जाळ होतो, आणि साध्या हवेत तो विझता विझत नाही. म्हणून चिनी मातीच्या उंच खांबांत एसएफ सिक्स नावाचा गॅस दाबाने भरून ठेवतात. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा तो पाचपट जड. वीज तुटते त्या क्षणी हा गॅस जाळ गिळून टाकतो. थोडा स्वतः फुटतो, पुन्हा बराचसा सांधला जातो, आणि बाहेर कोणाला काही कळत नाही. घरातला पंखा फार तर एकदा अडखळतो.

एरवी वर्षभर हा ब्रेकर काही करत नाही. नुसता उभा असतो. आमच्या ऑफिसातही अशा प्रकारची मंडळी पुष्कळ आहेत. फरक इतकाच, की वेळ आल्यावर ब्रेकरने काम करावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

या गॅसचा खरा वैरी पाणी. पाण्याचा नुसता अंश आत राहिला, तरी जाळाने फुटलेल्या गॅसशी त्याचं जमतं आणि आम्ल तयार होतं. ते आम्ल आतला धातू खातं, आतले आधार खातं. खांब बाहेरून पूर्वीसारखाच पांढरा आणि धुतलेला दिसतो. म्हणून पाऊस गेला की आम्ही नळी लावून थोडा गॅस मीटरमध्ये घेतो आणि तो किती शुद्ध आहे, किती फुटलाय, त्यात ओलावा किती आहे ते बघतो. पूर्वी तपासून झालेला गॅस हवेत सोडून देत. आता तो पिशवीत धरून परत घ्यावा लागतो, कारण वातावरण तापवण्यात हा गॅस फार पुढचा निघाला. एका अर्थी हा हंगामच आता उताराला लागलाय. नवे ब्रेकर वेगळे येतायत, आणि मी निवृत्त होईपर्यंत नळी लावून गॅस बघणारं कोणी उरेल की नाही, सांगता येत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. हंगाम मात्र मला आवडतो.

पावसानंतरचं उपकेंद्राचं यार्ड ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. खडीतून गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं असतं. तारांच्या खाली चतुर उडत असतात, लोखंडी मांडणीच्या प्रत्येक कोपऱ्यात कोळ्याने घर केलेलं असतं, आणि एखाद्या केबलच्या झाकणावर सापाची कात मिळते. सकाळी दव असतं तोवर तारा चरचरतात. दहा वाजता ऊन चढतं आणि तो आवाज बंद होतो. उरते ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, आणि तीही थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते. अकरापर्यंत खडी बुटाच्या तळातून भाजायला लागते. या दिवसांतल्या उन्हाला लोक नावं ठेवतात. आम्हाला ते हवं असतं.

आणि हे सगळं गुरुवारी. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे मूलही सांगेल. आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत पाटी आहे, ‘गुरुवारी दळण आणू नये, आणल्यास परत न्यावे.’ दिवाळीच्या तोंडावर भाजणीचे डबे घेऊन आलेल्या बायका त्या पाटीसमोर उभ्या राहून वीज कंपनीचा उद्धार करतात, आणि मी त्यांच्यामधूनच हेल्मेटची पिशवी काखेत मारून कामाला जाते. मी काय करते हे त्यांना मी सांगितलेलं नाही, ते बरंच आहे.

मी येरवड्यात वाढले. आजोबांच्या पिढीत आम्ही धम्म स्वीकारला, त्यामुळे दसरा आमच्याकडे वेगळा. पांढरी साडी, सकाळी विहारात वंदना, मग आईच्या हातची खीर. लहानपणी शेजारच्या घरांत सायकलीला हार घातलेला दिसायचा तेव्हा मी आईला विचारलं होतं, आपण सायकलची पूजा का नाही करत? आई म्हणाली, ‘आपण सायकलला तेल घालतो.’ पुढे इंजिनिअर झाले आणि टेस्टिंगला लागले, तेव्हा या उत्तराचा मला फार उपयोग झाला.

कारण आमच्या वर्कशॉपात खंडेनवमी जोरात होते. पाने, दोऱ्या, हातोडे, शिडी, गाडी, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून टेबलावर मांडतात. पेढे असतात, नारळ असतो, आणि त्या दिवशी कामाचं कोणी नाव काढत नाही. मी पेढा खाते, हात जोडत नाही, आणि एवढ्या वर्षांत कोणी मला त्याबद्दल वेडंवाकडं बोललेलं नाही. फक्त गॅसचा मीटर, त्याच्या नळीसकट, मी आदल्या दिवशीच कपाटात घालून कुलूप लावायची. हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी, तिन्ही त्या मीटरला वर्ज्य. ‘मॅडमचा मीटर सोवळ्यात असतो,’ असं सगळे म्हणायचे. मी म्हणायची, असतो.

आता गंमत अशी, की ती पूजा सगळ्यांत मनापासून मांडणारा माणूस म्हणजे शेखमामा. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हत्याराला पाय लावू नये आणि उघडं घड्याळ टाकून जेवायला उठू नये, हे दोन धडे त्यांना घरीच मिळालेले. पाने आकारानुसार लावायचे, शिडीला हार बरोबर मध्यावर आला पाहिजे, हे सगळं तेच बघत. नारळ मात्र दुसरा कोणीतरी फोडायचा. ते बाजूला उभे राहायचे, डोक्यावरची टोपी नीट करायचे आणि पेढ्याचा पुडा धरायचे. यात काही विशेष आहे असं कोणाला वाटत नसे, त्यांनाही नाही.

त्यांच्या शेवटच्या वर्षी, भर श्रावणात, सिंहगड रस्त्याकडच्या एका उपकेंद्रातल्या ब्रेकरचं सील गळायला लागलं. पावसात ब्रेकर उघडायचा नसतो. हवेतच पाणी असतं, ते आत जाऊन बसतं. आमच्या साहेबांचं म्हणणं होतं, वरचेवर गॅस भरत राहू, पाऊस जाऊ द्या. मामा म्हणाले, गळती आपली वाट बघणार नाही. त्यांनी ताडपत्रीचा मांडव घातला, आत दिवे लावून हवा कोरडी केली, खांब उघडला, सील बदललं, ओलावा शोषणारी पुडी नवी घातली आणि बंद केला. मग आतली हवा ओढून घेणारा पंप लावून ते त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. जेवायलासुद्धा उठले नाहीत. पंप पुरेसा चालला याची खात्री झाल्यावरच त्यांनी गॅस भरला. त्यांच्या हातचा ब्रेकर कधी परत आला नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत, पण आम्ही सांगायचो, आणि ते ऐकून घ्यायचे.

मग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले.

‘मॅडम, यंदा मीटर पूजेला बसवू द्या. माझं शेवटचं वर्ष.’

मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस आयुष्यात एकदा काही मागतो. मी किल्ली दिली. ‘मीटरला पाणी लागता कामा नये,’ एवढंच मी म्हणाले.

‘मी स्वतः पुसतो. कोरड्या फडक्यानं.’

आणि त्यांनी तसंच केलं. मी दुसऱ्या दिवशी आईकडे येरवड्याला गेले आणि दसरा करून परत आले. मीटर कपाटात होता तसाच, कोरडा ठणठणीत.

पुढच्या गुरुवारी आम्ही त्या श्रावणातल्या ब्रेकरवर गेलो. मी, मामा, स्वतः साहेब, आणि गायकवाड. गायकवाड हा चाळिशीचा गडी, खडकवासल्याकडचा, लाइनवरून नुकताच आमच्याकडे बदलून आलेला. दणकट आणि बोलका. विजेच्या खांबावर माकडासारखा चढायचा, पण गॅसचं काम त्याला नवीन होतं. शटडाऊन मिळाला, म्हणजे ब्रेकरची वीज बंद झाली, तारा जमिनीला जोडून अर्थिंग लागलं, मी नळी जोडली आणि रिवाजाप्रमाणे थोडा गॅस वाहू देऊन मीटर सुरू केला.

ओलाव्याचा आकडा वर चढायला लागला. सुरुवातीला चढतोच, मग उतरतो. हा उतरेना. आम्ही वाट बघितली. मी गॅस आणखी वाहू दिला. तो थोडा खाली आला आणि मर्यादेच्या दुपटीपाशी येऊन ठाण मांडून बसला.

साहेब चष्मा कपाळावर चढवून मीटरवर वाकले. ‘श्रावणात उघडलात ना, मामा. मग दुसरं काय होणार?’

मामांनी एकदा मीटरकडे आणि एकदा खांबाकडे बघितलं.

‘हा ब्रेकर चालू करायचा नाही,’ साहेब म्हणाले. ‘भार दुसऱ्या वाटेने न्या. आणि मामा, वाईट वाटून घेऊ नका, पण मला वर कळवावं लागेल. महिनाअखेर तुम्ही जाणार. चौकशी मागे ठेवून जावं लागू नये असं मलाही वाटतं. पण हे माझ्या वाटण्यावर नाही.’ एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त लवकर निष्कर्षावर यायला आवडायचं.

मी नळी सोडवली. तेव्हा माझं लक्ष तिच्या टोकाच्या पितळी जोडाकडे गेलं. तो जोड मी कितीतरी वर्षं हाताळत होते, आणि तो कायम काळपट तपकिरी असायचा. आज तो लखलखत होता. आट्यांच्या खाचांत कुंकू अडकलं होतं, कोरडी पूड नव्हे, ओल्याने थापलेलं. आणि एका खाचेत चिंचेचा धागा. देवघरातली निरांजनं घासतात तशी कोणीतरी ती नळी चिंचेने घासून, बादलीत बुचकळून लख्ख केली होती. वरून ती केव्हाच वाळली होती. आतून कशी वाळेल? ब्रेकरमधला गॅस त्या ओल्या नळीतूनच मीटरमध्ये येत होता.

गायकवाड सामान घेऊन गाडीकडे गेला होता. मी मामांना जोड दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, नखाने चिंचेचा धागा काढला आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटल्याचा आनंद आला, तो मी स्पष्ट पाहिला. मग तो गेला.

‘कोणी धुतली?’ मी विचारलं.

‘गायकवाडनं. मी मीटर पुसत होतो. तो मागं नळावर बसला होता, मला वाटलं पाने धुतोय.’

‘मग आत्ताच साहेबांना सांगते.’

‘नाही.’ त्यांनी नळी माझ्या हातात परत दिली. ‘मॅडम, उद्या ऑफिसात काय बोललं जाईल, सांगू? शेखनं गॅस ओला भरला आणि खापर खंडेनवमीवर फोडलं. आणि लिहिलं कोणी, तर तुम्ही. ज्या हातसुद्धा जोडत नाहीत.’

ते खरं होतं. अठरा माणसांच्या विभागात पूजेमुळे घोटाळा झाला हे सांगायची पाळी नेमकी आम्हा दोघांवर यावी, याचं मला हसू येत होतं आणि रागही. इतकी वर्षं मी पेढा खात आले आणि ते हार घालत आले, कोणी कोणाला काही विचारलं नाही. त्या न विचारण्यावर आमचं सगळं बरं चाललं होतं. आता एक नळी ओली झाली आणि आम्ही कोण आहोत हे आम्हालाच आठवलं.

‘तुमच्यावर चौकशी लागेल,’ मी म्हणाले.

‘पुढच्या गुरुवारी दुसऱ्या नळीनं घ्या. आकडा काय ते बोलेल. पूजेचं नाव नको. माझ्या तोंडून नको, तुमच्या तर नकोच. आणि गायकवाडला पण काही बोलू नका. त्यानं प्रेमानं केलंय.’

मी साहेबांना एवढंच सांगितलं, की मला नळीचा संशय आहे, पुढच्या गुरुवारी दुसरी आणून पुन्हा घेते, तोवर वर कळवू नका.

‘इतकी वर्षं चाललेली नळी आजच कशी बिघडली?’

‘ते सांगता येणार नाही.’

साहेबांनी गाडीच्या काचेतून माझ्याकडे बघितलं. ‘साळवे मॅडम, तुम्ही आजवर कोणाला पाठीशी घातलेलं मी पाहिलं नाही. आता या वयात सुरुवात करू नका. ठीक आहे, एक गुरुवार. मी स्वतः येईन.’

तो आठवडा मला आवडला नाही. ऑफिसात आवाज न करता बोलणं चालू असतं, ते ऐकू येत नाही पण आपण आत गेल्यावर थांबतं, त्यावरून कळतं. मामा रोज वेळेवर यायचे, आपले पाने पुसायचे, वेळेवर जायचे. त्यांच्या निरोप समारंभासाठी शाल आणायची की थांबायचं, यावर दोन मतं पडली. एकदा चहाच्या टपरीवर मी गायकवाडच्या मागेच उभी होते. तो कोणाला तरी सांगत होता, ‘मानूस चांगला हाय वो. पन वय झालं की हात चुकतोच. आमच्या म्हाताऱ्याचं बी तसंच.’ त्याच्या आवाजात खरी कणव होती. मी चहा अर्धा टाकून निघाले. त्याच्या कॉलरला धरून त्याला त्या नळापाशी नेऊन उभं करावं असं मला वाटत होतं. इतकं साधं, आडदांड काही मला एरवी वाटत नाही.

आणि दुसरीही एक शंका होती, ती मी स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नव्हते. नळी ओली होती हे खरं. पण ब्रेकर कोरडा आहे, हे त्यावरून ठरत नव्हतं. श्रावण होता, पाऊस होता, ताडपत्री होती. माणूस कितीही जपून वागला तरी हवेवर त्याची सत्ता नसते. मामांनाही हे माहीत होतं. त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही ‘कोरडाच असेल ना?’ असं विचारलं नाही.

दुसऱ्या गुरुवारी मी दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेली नळी घेऊन गेले. सकाळी लवकर शटडाऊन मिळाला. गवतावर अजून दव होतं. नळी जोडली, गॅस वाहू दिला, मीटर लावला. आकडा चढला, थांबला, उतरला, आणि उतरतच गेला. मर्यादेच्या बराच खाली जाऊन स्थिर झाला. मी मीटर साहेबांकडे वळवला.

साहेबांनी दोनदा बघितलं. ‘पास आहे. तुमचा संशय खरा म्हणायचा. आवरा.’

मी नळीला हात घातला. मामा म्हणाले, ‘साहेब, दुपारी पुन्हा घेऊ द्या.’

‘अहो मामा, पास झालाय. नापास व्हायची एवढी हौस?’

‘सकाळचं रीडिंग कुणाचंही चांगलं येतं.’

हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं आणि कोणीही सहसा न पाळलेलं सत्य. थंडाव्यात ओलावा खांबाच्या आतल्या भिंतींना, आतल्या आधारांना चिकटून गप्प बसतो. ऊन चढलं, खांब तापला, की तो सुटून गॅसमध्ये येतो. सकाळी जो गॅस कोरडा दिसतो तोच दुपारी ओला निघू शकतो. कागदावर त्यासाठी तापमानाची दुरुस्ती करायची सोय आहे, आणि ती केली की नियमाचं समाधान होतं. मामांचं होत नव्हतं.

मी त्यांना जरा बाजूला घेतलं. ‘मामा, कशाला? सुटलात तुम्ही.’

‘नळीचं कारण तुम्ही सांगितलं नाही, मी सांगू दिलं नाही. आता सकाळच्या गारव्यात पास केलं तर लोक म्हणतील, मॅडमनं म्हाताऱ्याला सोडवला. तुम्हाला अजून इथं पुष्कळ वर्षं काढायचीत.’ मग त्यांनी खांबाकडे बघितलं. ‘आणि मला पण कळायला पाहिजे ना.’

साहेबांनी खांदे उडवले. शटडाऊन तसाही संध्याकाळपर्यंत होता. ते कंट्रोल रूमच्या व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले. गायकवाडने भाकरी आणि ठेचा काढला, मामांपुढे केला. त्यांनी नको म्हणून हात केला. मी डबा उघडला आणि बंद केला. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता. हातात आलेली सुटका कोणी अशी उन्हात नेऊन ठेवतं का? आणि मला भीती वाटत होती, हेही सांगून टाकते. मला इतर वेळी आकड्यांची भीती वाटत नाही. ते जे असतात ते असतात. त्या दिवशी मला एक विशिष्ट आकडा हवा होता, आणि टेस्टिंगच्या माणसाची याच्याइतकी वाईट अवस्था दुसरी नाही.

मामा खांबापाशी जाऊन उभे राहिले. मधूनमधून हात वर करून चिनी मातीला तळवा लावायचे, आजाऱ्याचा ताप बघतात तसा. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. खडीवरची हवा हलताना दिसायला लागली. शेवटी त्यांनी तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. ‘तापला,’ ते म्हणाले. ‘लावा.’

मी मीटर लावला. साहेब पेपर ठेवून आले. आकडा सकाळच्या जागेपासून निघाला आणि वर यायला लागला. मी तो मोठ्याने वाचत होते. थोडा वर. आणखी थोडा. मर्यादा आणि त्याच्यामधलं अंतर कमी व्हायला लागलं. मामा मीटरकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मग आकडा रेंगाळला. एक घर वर गेला, एक घर खाली आला.

‘स्थिर होऊ द्या,’ मामा म्हणाले.

झाला. सकाळपेक्षा वर होता. मर्यादेच्या चांगला खाली होता. मी तो पुन्हा एकदा वाचला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी मीटरवर जास्त वेळ वाकून राहिले.

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. ‘मामा,’ ते म्हणाले, ‘मी वर काही कळवत नाही.’ जरा घुटमळले. ‘श्रावणातलं काम असं मी तरी पाहिलेलं नाही.’ आणि गाडीकडे चालते झाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळच.

आम्ही तिघं सामान आवरायला लागलो. गायकवाड खुशीत होता. मामांच्या पाठीवर थाप मारावी की पाया पडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो नळी गुंडाळत होता.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘ही कुनाची काळीकुट्ट नळी आनली? आपली असती की. म्या खंडेनवमीला चिंच लावून निस्ती आरसा करून ठेवली व्हती, आतून बाहेरून.’

मी मीटरच्या पेटीत डोकं घातलं. मामा अर्थिंगची दोरी सोडवत होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

‘गायकवाड,’ ते म्हणाले, ‘पुढच्या वर्षी मी नसेन. नळी धुवायची नाही, बाळा. कोरड्या फडक्यानं पुसायची.’

‘का वो मामा? पानी लागलं म्हून काय हुतंय...’ तो हसत होता. मग त्याने मीटरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान वर केली नाही, पण त्याचे हात थांबलेले मला दिसले. हसू चेहऱ्यावरून जायला त्याला बराच वेळ लागला.

‘आठवडाभर,’ तो म्हणाला. ‘मामा, आठवडाभर... मंग बोलला का न्हाय?’

मामांनी दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं.

‘पूजा चांगली झाली होती रे,’ ते म्हणाले आणि चालायला लागले.

गायकवाड नळी हातात धरून तापलेल्या खडीवर तसाच उभा राहिला. मग त्याने ती खाली ठेवली आणि मामांच्या मागून धावत जाऊन त्यांच्या खांद्यावरची दोरी काढून घेतली.